नोंद झाली

“मग खोटं कोण बोललं, भंतेजी? मी, की ते यंत्र?”

भंते उपसेनांनी मान वर केली नाही. मांडीवरच्या चीवराला ते ठिगळ लावत होते. सुई कापडातून आरपार गेली, दोरा ओढला गेला, सुई पुन्हा खाली गेली.

“मी काही विचारलं.”

“ऐकलं.”

“मग?”

…

विहाराच्या ओसरीत ऊन पार आतपर्यंत आलं होतं. खाली उतारावर सागाची वाळकी पानं वाऱ्याबरोबर करकरत होती. विभावरी लांजेवार उभीच होती. आल्यावर तिने वंदन केलं नव्हतं, चटईवर टेकलीही नव्हती. चपला तेवढ्या पायरीशी काढल्या होत्या, त्याही अशा झटक्यात की एक उताणी पडली होती.

उपसेन जन्माचे भंते नव्हते. चीवर घेण्याआधी ते प्रभाकर गजभिये होते. संगणकाच्या पोटात एक गाभा असतो. कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, डिस्कवर काय कधी लिहायचं, हे सगळं तो ठरवतो. त्या गाभ्याचा कोड लिहिणाऱ्या मोजक्या माणसांत गजभिये सरांचं नाव होतं. विभावरी त्यांच्याच हाताखाली तयार झाली. मग एके दिवशी सरांनी राजीनामा दिला आणि मुंडन करून या टेकडीवर येऊन राहिले. विभावरी जंगलपट्टीतल्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षाची तांत्रिक प्रमुख झाली.

कक्षाचं काम साधं होतं. गावोगावचे फोन यायचे, मुली ते घ्यायच्या, पत्ता टाइप करायच्या. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘नोंद झाली’ असं उमटायचं आणि शेजारच्या खोलीतून गाडी सुटायची.

एका नोंदीची गाडी सुटलीच नाही. त्यासाठी विभावरी आज इथे आली होती.

“कोड तुमचा आहे,” ती म्हणाली. “प्रोग्राम सांगतो, हे डिस्कवर लिही. तुमचा गाभा म्हणतो, लिहिलं. प्रत्यक्षात त्याने ते नुसतं मेमरीत ठेवलेलं असतं. डिस्कवर सवडीने लिहितो. तेवढ्यात वीज गेली की सगळं साफ! त्याला खोटं बोलायला तुम्ही शिकवलंत.”

“सवडीने का लिहितो?”

“परीक्षा घेताय माझी?”

“विसरली असशील, म्हणून विचारलं.”

तिच्या कानशिलांतून वाफ निघायची बाकी राहिली.

“डिस्क लांब आणि संथ. मेमरी जवळ आणि चपळ. प्रत्येक गोष्टीला डिस्ककडे धावत बसलं तर काम रांगायला लागतं. म्हणून एकदा वाचलेलं पान मेमरीत ठेवून द्यायचं. पुन्हा लागलं तर हाताशी हवं. लिहायचंही तसंच. आधी मेमरीत घ्यायचं, साठलं की एकदम डिस्कवर उतरवायचं. रिकामी मेमरी म्हणजे वाया गेलेली मेमरी! पहिल्याच दिवशी ऐकवलं होतंत मला. सगळ्यांसमोर.”

ते खरं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती मोठ्या तोऱ्यात सरांच्या टेबलाशी गेली होती. मशीनची मेमरी काठोकाठ भरलीय, कुठेतरी गळती आहे, मी शोधून दाखवते, म्हणाली होती. सरांनी पडद्याकडे पाहिलं आणि हसले. “गळती नाही गं. जागा मोकळी होती म्हणून गाभ्याने डिस्कवरचं सामान जवळ आणून ठेवलंय. कुणाला जागा लागली की तो ते निमूट उचलतो.” सगळा विभाग हसला होता. ते हसू तिच्या मनातून आजवर गेलं नव्हतं.

“अर्धंच सांगितलंस,” भंते म्हणाले. “उचलताना काय बघायचं?”

…

“जागा कमी पडली,” भंतेच पुढे म्हणाले. “मेमरीतलं एखादं पान टाकायचंय. कुठलं टाकशील?”

“वाचलेलं.” तिने दातांवर दात रोवले होते. “ते टाकलं तरी चालतं. डिस्कवर असतंच.”

“आणि नव्याने लिहिलेलं?”

“ते नाही टाकायचं. ते दुसरीकडे कुठेच नसतं.”

“त्याला काय म्हणायचो आपण?”

“मळकं पान.”

सुई थांबली.

“आणि ज्या प्रोग्रामला खात्री हवी असेल, त्याने काय करायचं?”

“थांबायचं. गाभ्याला सांगायचं, आत्ता उतरव. डिस्क हो म्हणेपर्यंत मी जागचा हलत नाही.”

“म्हणजे सोय होती.”

“होती.”

“तुझा प्रोग्राम थांबत होता?”

…

“आधी थांबायचा,” विभावरी म्हणाली.

कक्षातल्या डिस्का जुन्या होत्या. प्रत्येक नोंदीला मुलींना ताटकळावं लागे. पलीकडे माणूस रडतोय आणि इथे पडद्यावर चक्र फिरतंय. तक्रारी आल्या, वर्तमानपत्रात छापून आलं. नव्या डिस्का मागितल्या तर वरून उत्तर आलं की पुढच्या वर्षी बघू. तेव्हा विभावरीने एक ओळ बदलली. प्रोग्रामने थांबायचं बंद केलं. गाभ्याने ‘घेतलं’ म्हणताक्षणी पडद्यावर ‘नोंद झाली’ झळकायला लागलं. कक्ष वाऱ्यासारखा पळायला लागला. तिला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणात ‘कल्पक अधिकारी’ म्हणून नाव घेतलं गेलं. ती एक ओळ तिने कुणालाच सांगितली नव्हती.

“सगळेच ते थांबणं काढतात,” ती म्हणाली. “कुठल्याही ऑफिसात जाऊन बघा.”

“मी ऑफिसांचं विचारलं नाही.”

“वेग हवा होता मला! तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही निघून आलात. अर्धवट काम माझ्या गळ्यात मारलंत आणि इथे येऊन ठिगळं लावत बसलात. शांती मिळाली ना तुम्हाला? मिळणारच. इथे दिवसरात्र फोन वाजत नाहीत!”

भंतेंच्या कपाळाच्या कडेची शीर फुगली. ऑफिसात ती शीर फुगली की माणसं आपापल्या टेबलाकडे पांगायची. चीवराने ती गेली नव्हती, हे विभावरीने पाहिलं आणि तिला उगाच बरं वाटलं.

“त्या दिवशी काय झालं, ते सांग,” भंते म्हणाले.

“सांगितलं की. वीज गेली.”

“यंत्राचं सांगितलंस. माणसांचं सांग.”

ती भिंतीला टेकली. मग सांगू लागली, भराभर, अंगावरची धूळ झटकावी तसं.

नदीपलीकडच्या गावातून दिवाकर नावाच्या माणसाचा फोन आला. बायको अडलीय, गाडी पाठवा. फोन यमुना मडावी नावाच्या मुलीने घेतला. तिने नाव भरलं, गाव भरलं, बटण दाबलं. ‘नोंद झाली’ आलं. ती दिवाकरला म्हणाली, “नोंद झाली दादा, गाडी येते, ताईला धीर द्या.” तेवढ्यात वीज गेली. बॅटऱ्यांनी ऐन वेळी मान टाकली. सगळी मशिनं बंद पडून पुन्हा चालू झाली. ज्या नोंदी डिस्कवर उतरल्या होत्या त्या राहिल्या. दिवाकरची उतरायची होती, ती गेली. यमुनाने पुढचा फोन घेतला. पुन्हा बघायचं तिला काय कारण? हिरवं आलं होतं.

“बाळंतीण कुठे झाली?”

“बैलगाडीत. रस्त्यातच.”

“आणि?”

“ती वाचली.” विभावरीने मान फिरवली. “बाळ नाही वाचलं.”

…

“पुढे?”

“चौकशी समिती बसली. फोन आल्याचं टेलिफोनवाल्यांकडे दिसतं, पण डिस्कवर नोंद नाही. म्हणजे मुलीने भरलीच नाही, असा सरळ अर्थ निघतो. यमुनाला घरी बसवलंय. ती सारखी एकच सांगते, मॅडम, मी भरली होती ना जी. हिरवं आलं होतं.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार? डिस्कवर नाही ते नाही.”

“तो नवरा आला होता?”

तिने चमकून पाहिलं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“येणारच.”

“आला होता. शिव्या दिल्या असत्या, टेबल उलथवलं असतं, तर बरं झालं असतं. त्याने काहीच केलं नाही. यमुनाच्या खुर्चीसमोर उभा राहिला आणि विचारलं, ‘तू बोलली होती ना, नोंद झाली म्हणून?’ ती म्हणाली, ‘हो दादा, बोलली होती.’ त्याने पुन्हा तेच विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. शेवटी पोरीला उभं राहवेना.”

“तू कुठे होतीस?”

“माझ्या केबिनमध्ये. काचेपलीकडे.”

“ऐकू येत होतं?”

…

“विभावरी, ऐकू येत होतं?”

“येत होतं! येत होतं ऐकू! काय करायला हवं होतं मी?”

भंतेंनी सुई चीवरात टोचून ठेवली. ते चढ्या आवाजात बोलले, आणि त्या आवाजाने ओसरीतलं कबुतर फडफडत उडून गेलं.

“त्या पोरीच्या तोंडून तुझं यंत्र बोललं होतं. तो माणूस तुझ्या ओळीपाशी उभा होता, आणि तू काचेआडून बघत राहिलीस!”

ती हादरली. पण कच खाणाऱ्यांतली नव्हती ती.

“मी इथे बोलणी खायला आले नाही,” ती म्हणाली. “एक काम घेऊन आलेय. उद्या समिती तुम्हाला फोन करील. तुमच्या शब्दाला अजून किंमत आहे. तुम्ही एवढंच सांगायचं की यंत्र नियमाप्रमाणे चाललं. यात एक अक्षर तरी खोटं आहे का?”

“नाही.”

“मग सांगाल?”

…

ऊन चटईवर सरकलं. विभावरीचा घसा बोलून बोलून कोरडा पडला होता. कोपऱ्यात माठ होता, त्यावर स्टीलचा पेला पालथा घातलेला होता. पण विहारात आपण होऊन हात लावावा की नाही, तिला कळेना.

“पाणी मिळेल का?” ती तुटकपणे म्हणाली.

“दिलं,” भंते म्हणाले.

ते बसल्या जागेवरून हलले नाहीत. चीवराची घडी घालू लागले. तिने वाट पाहिली. घडी घालून झाली. भंते स्वस्थ बसले.

“भंतेजी, पाणी.”

“दिलं ना.”

“कुठे दिलंत?”

“देणार आहे.”

“देणार आहे म्हणजे दिलं नाही!” ती किंचाळलीच. “थट्टा करता माझी? घसा सुकलाय माझा, आणि तुम्ही तोंडावर दिलं म्हणून सांगता? भिक्खू आहात ना तुम्ही? भिक्खूने खोटं बोलायचं नसतं ना?”

“नसतं.”

“मग?”

“बोललो खरा.”

असं म्हणून ते उठले. माठाकडे नाही गेले. पायऱ्या उतरून अंगणात गेले. तिथे करंजाच्या सावलीत वयोवृद्ध भंते काश्यप डोळे मिटून बसले होते. उपसेन त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी हात जोडले. विभावरी ओसरीच्या खांबाला धरून बघत राहिली.

“भंते, माझ्याकडून दोष घडला. खोटं बोललो.”

म्हाताऱ्या भंतेंनी कानामागे हात धरला. “काय म्हणता?”

“खोटं बोललो, भंते.”

“मोठ्याने बोला. ऐकू येत नाही.”

“मी खोटं बोललो!” उपसेन ओरडले. टेकडीने ते शब्द परत केले. “या बाईंनी पाणी मागितलं! मी दिलं नव्हतं आणि दिलं म्हणालो!”

काश्यपांनी ओसरीकडे पाहिलं, मग समोरच्या वाकलेल्या डोक्याकडे.

“दोष दिसतो का?”

“दिसतो, भंते.”

“पुढे जपा.”

“जपतो.”

एवढंच. म्हाताऱ्याने डोळे मिटले. उपसेन उठून वर आले, माठातून पेला भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

विभावरीने तो घेतला, पण ओठाला लावला नाही. तिला काय वाटत होतं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. लाज होती, पण लाजेहून राग मोठा होता. पेलाभर पाण्यासाठी या माणसाने भर उन्हात, एका बहिऱ्या म्हाताऱ्यापुढे ओरडून स्वतःचं खोटं सांगितलं होतं. कशासाठी? तिला कमीपणा आणायला?

“एवढ्याशा गोष्टीसाठी!” ती म्हणाली. “संध्याकाळी सांगितलं असतं तर चाललं नसतं?”

“संध्याकाळपर्यंत मी असेन, हे तुला कुणी सांगितलं?”

…

“मी काय, लपवून ठेवणार आहे?” तिचा आवाज फाटला. “मलाही कळतं. यमुनाचं वाटोळं करायची हौस नाही मला. पण आत्ता बोलले तर माझी नोकरी जाईल, कदाचित खटला होईल. घरी आई अंथरुणाला खिळलीय. चौकशी एकदा संपू दे. वातावरण निवळू दे. मग सांगीन मी. योग्य वेळी सगळं सांगीन. मनात पक्कं आहे माझ्या. सांगितलंच समजा.”

“तुझं यंत्रही हेच म्हणालं होतं.”

पेला तिच्या हातून सुटला की तिने आपटला, कोण जाणे. फरशीवर खणखणत गेला, पाणी चटईवर पसरलं. तिने चपला पायांत सरकवल्या आणि मागे न बघता पायऱ्या उतरून गेली.

टेकडीखाली तिची गाडी भट्टीसारखी तापली होती. ती आत बसली. सुरू करून निघून जावं म्हणून किल्ली लावली, आणि फिरवली नाही.

तिने सरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. वरिष्ठांना घातल्या, ज्यांनी डिस्का दिल्या नाहीत. बॅटरीवाल्याला घातल्या. यमुनालाही एक घातली, की एकदा पुन्हा बघितलं असतंस तर काय बिघडलं असतं. मग नावं संपली.

तिने मागच्या सीटवरून लॅपटॉप ओढला.

पहिलं वाक्य लिहिलं: ‘तांत्रिक कारणामुळे सदर नोंद गहाळ झाली.’ वाचलं. खोडलं. दुसरं लिहिलं: ‘प्रणालीतील एका बदलामुळे नोंद जतन होऊ शकली नाही.’ तेही खोडलं. घामाने बोटं अक्षरांवरून घसरत होती. ती स्वतःवर इतकी चिडली होती की डोळ्यांतून पाणी आलेलंही तिला कळलं नाही.

मग तिने लिहिलं: ‘यमुना मडावी यांनी नोंद भरली होती. ती डिस्कवर उतरण्याआधीच “नोंद झाली” असं दिसावं, असा बदल मी केला. तो मी कुणालाही कळवला नाही. दोष त्यांचा नाही, माझा आहे.’

समितीच्या अध्यक्षांना पाठवलं. प्रत यमुनाला जोडली. पाठवायचं बटण दाबल्यावर तिने फोन बंद केला नाही, गाडी चालू केली नाही. पडद्याकडे बघत बसून राहिली.

बऱ्याच वेळाने अध्यक्षांचा फोन आला.

“मॅडम, तुम्हाला कळतंय का, काय लिहिलंय तुम्ही?”

“कळतंय, साहेब.”

“हे मागे घेता येतं अजून. मी वाचलं नाही असं समजतो.”

“समजू नका,” ती म्हणाली. “वाचलंय तुम्ही.”

पलीकडचा आवाज चढत गेला. विभागाची इज्जत, वरिष्ठांची नावं, पेपरवाले. ती ऐकत राहिली. एकदाही मध्ये बोलली नाही. त्यांनी फोन आदळल्यावर ती गाडीतून उतरली आणि तशीच टेकडी चढू लागली.

भंते उपसेन ओली चटई खांबावर वाळत घालत होते. ती समोर जाऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद. राग अजून तिथेच होता, पण आता तो कुणावर काढायचा हे तिला समजत नव्हतं.

“लिहिलं,” ती म्हणाली. “पाठवलं. अध्यक्षांनी वाचलं, फोन करून मला झोडपलं. माझी नोकरी जाणार. तुम्हाला हेच हवं होतं ना?”

भंतेंनी चटईची सुरकुती काढली.

“बोला ना आता! लिहून झालं, पोचून झालं, सगळं झालं. आता तरी झालं ना, सर?”

…

“मला काय विचारतेस?” भंते म्हणाले. “यमुनाच्या दारात जाऊन विचार.”